होम थिएटरची वायरिंग: प्लास्टरच्या आधी काय काय टाकून घ्यावं?

तारांबळ

मंडळी, खोलीचं काम काढलंय. भिंतीत झिऱ्या मारून झाल्यात, प्लास्टर व्हायचंय. एकदा ते झालं की आत जे असेल ते असेल, म्हणून घाईत विचारतोय.

सामान असं: ४के टीव्ही (एका एचडीएमआय पोर्टवर ई-आर्क लिहिलंय, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत नेणारी सोय), सहा-सात वर्षांपूर्वीचा एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळ्यांचं चित्र-आवाज घेऊन टीव्हीला आणि स्पीकरना देणारा डबा (ई-आर्क आहे, पण सगळी पोर्ट सेकंदाला १८ गिगाबिटची), ४के ब्लू-रे प्लेअर, मुलांचा गेमिंग कन्सोल, ५.१ चा स्पीकर संच (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक सबवूफर) आणि माळ्यावरून काढलेला एक व्हीसीआर. टीव्ही रिसीव्हरच्या वरच आहे, २ मीटरची केबल पुरेल. मागचे स्पीकर मात्र पाइपच्या वाटेने मोजले तर १४ मीटरवर. पुढे प्रोजेक्टर घ्यायचा विचार आहे, तो ११ मीटरवर येईल.

विक्रेता म्हणतो सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय '२.१' केबल घ्या, बाकी डोकं लावू नका. डोकं लावायचंय, म्हणून धागा काढला.

अनुनाद

केबल सगळ्यात शेवटी निवडा. आधी कागदावर प्रत्येक डब्याचा चौकोन काढा आणि बाण दाखवा: चित्र कुठून कुठे जातंय, आवाज कुठून कुठे जातोय. हे दोन बाण सारखे असतीलच असं नाही, बहुतेक गोंधळ तिथेच होतो. मग प्रत्येक बाणाखाली अंतर लिहा. हा कागद तयार झाला की निम्मे प्रश्न आपोआप गळतात.

आता '२.१ केबल'. आवृत्तीचा आकडा उपकरणाला असतो, केबलला नाही. केबलला वर्ग असतो: हाय स्पीड म्हणजे १०.२ गिगाबिट, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. वरच्या दोन्ही वर्गांच्या पाकिटावर तपासणीचं लेबल असतं, ते फोनने स्कॅन करून खरं-खोटं बघता येतं. पाकिटावर नुसतं '२.१' आणि '८के' मोठ्या अक्षरात आहे, पण वर्गाचं नाव आणि लेबल नाही, तर ते पाकीट परत ठेवा. २०२५ मध्ये २.२ आवृत्ती आली, तिच्यासाठी ९६ गिगाबिटचा नवा वर्गही आला. तुमच्या यादीत तो लागेल असं काहीही नाही.

१८ चा आकडा कुठून येतो ते एकदा बघून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. पण तारेवर चित्राच्या कडेची कोरी जागाही जाते, ती धरून ४४०० गुणिले २२५०. सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर ५९.४ कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, आणि जुन्या एचडीएमआयच्या सांकेतिक पद्धतीत ८ चे १० होतात म्हणून ३०. गुणाकार केला की १७.८२ गिगाबिट. म्हणजे १८ मध्ये ४के ६० जेमतेम बसतं, तेही ८ बिट रंगात. १० बिटचं एचडीआर (उजेड-सावल्यांचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) हवं असेल तर रंगाची माहिती थोडी कमी करून पाठवावी लागते, आणि उपकरणं ते न सांगता करतात.

सिनेमा मात्र सेकंदाला २४ चौकटींचा. १० बिट, पूर्ण रंग धरूनही ११ गिगाबिटच्या आसपास. त्यामुळे ब्लू-रे प्लेअर ते रिसीव्हर आणि रिसीव्हर ते टीव्ही, दोन्हीकडे प्रीमियम हाय स्पीड भरपूर झाली.

रात्रपाळी

कन्सोलचं वेगळं आहे हो. तो ४के १२० (सेकंदाला १२० चौकटी) पाठवतो, ते १८ मध्ये मावत नाही. तुमच्या रिसीव्हरमधून नेलात तर ६० वर येईल. म्हणून कन्सोल सरळ टीव्हीत, अल्ट्रा हाय स्पीड केबलने, आणि आवाज टीव्हीकडून ई-आर्कने खाली रिसीव्हरकडे. रिसीव्हर बदलायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत आत्ताच बघा. बऱ्याच टीव्हींना १२० चालणारी दोनच पोर्ट असतात आणि त्यातलंच एक ई-आर्कचं असतं. ते रिसीव्हरने अडवलं की १२० साठी एकच उरतं. एक कन्सोल असेल तर हरकत नाही. घरात दुसरा आला की भांडण ठरलेलं.

जुनी_फीत

एवढा खटाटोप कशाला? टीव्ही ते रिसीव्हर एक ऑप्टिकल (आवाज प्रकाशाने नेणारी केबल) टाका आणि मोकळे व्हा. आणि केबल जाड, चांगल्या मुलाम्याची घेतली तर रंग जास्त भरून येतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'सगळ्या सारख्याच' म्हणणाऱ्यांनी शेजारी-शेजारी लावून बघावं.

शून्यडेसिबल

फीतराव, आदर आहे, पण एचडीएमआयपुरतं हे पटत नाही.

तारेतून जे जातं ते आकडे. वाचता येण्यासारखा सिग्नल पोचला तर टीव्हीला मूळ आकडे मिळतात, त्यात जास्त भरलेला रंग कुठून येणार? केबल कमी पडली की काय होतं ते ठरलेलं आहे. आधी पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकतात, मग आडव्या रेघा, मग चित्र दोन-तीन सेकंद काळं होऊन परत येतं, आवाज तुटतो, शेवटी काहीच येत नाही. 'काळा रंग थोडा राखाडी वाटतो' ही केबलची लक्षणं नाहीत.

पण तुम्ही फरक पाहिलात हे मी खोटं म्हणत नाही. तो कुठून येतो ते सांगतो. केबल बदलताना दोन्ही उपकरणं पुन्हा एकमेकांशी बोलून ठरवतात की काय पाठवायचं. त्यात प्लेअर पूर्ण पल्ल्यात (० ते २५५) पाठवायला लागला आणि टीव्ही मर्यादित पल्ला (१६ ते २३५) धरून बसला, तर सावल्या काळ्याकुट्ट होऊन आतला तपशील जातो. उलट झालं तर सगळं धुरकट दिसतं. दोष सेटिंगचा असतो, श्रेय किंवा शिव्या केबलला मिळतात.

सोन्याबद्दल: सोनं गंजत नाही म्हणून टोकांना लावतात. दमट हवेत, वर्षानुवर्षं न हलवता राहणाऱ्या जोडाला ते बरं. वाहकतेत ते तांब्याच्याही मागे आहे, आणि थर इतका पातळ की त्याने चित्राचं काही व्हायचं नाही.

अनुनाद

शून्यडेसिबल +१. जाड केबलचा तोटाही आहे. २ मीटरच्या कामाला ती आणली की टीव्ही भिंतीला टेकवताना पोर्टवर ताण येतो. पोर्ट सैल झालं तर दुरुस्ती मदरबोर्डपर्यंत जाते. टीव्हीमागे पातळ, लवचीक केबलच बरी.

तारांबळ

धन्यवाद सगळ्यांना. कागद काढला. आता अडकलोय तो ऑप्टिकल, आर्क (ई-आर्कचं आधीचं रूप) आणि ई-आर्कमध्ये. फीतराव म्हणतात ऑप्टिकल पुरे. तिन्ही वाटांनी डिजिटल आवाजच जातो ना? मग फरक काय?

अनुनाद

वाट किती रुंद आहे एवढाच फरक, पण तो मोठा आहे.

ऑप्टिकल तोशिबाने १९८३ मध्ये आणलं, सीडी प्लेअरसाठी. त्यातून दोन वाहिन्यांचा न दाबलेला आवाज जातो, किंवा दाबलेला ५.१: डॉल्बी डिजिटल, जो जास्तीत जास्त ६४० किलोबिटचा असतो, नाहीतर दीड मेगाबिटच्या आसपासचा डीटीएस. तिथे वाट संपली. ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी १८ मेगाबिटपर्यंत जातो, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ २४.५ पर्यंत. ते त्यात शिरणारच नाहीत. शिरत नाहीत म्हणून प्लेअर गुपचूप खालच्या दर्जाचा ट्रॅक पाठवतो आणि आपण म्हणतो, 'येतंय की ५.१'.

आर्क २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आला. क्षमता ऑप्टिकलच्याच जवळपास, पण त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जातो. टीव्हीतल्या स्ट्रीमिंग अ‍ॅपमधला अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येणारा डॉल्बीचा प्रकार) बहुतेक त्याच रूपात असतो. म्हणजे फक्त स्ट्रीमिंग बघणाऱ्याला साधा आर्क पुरतो.

ई-आर्क २.१ आवृत्तीत, २०१७ मध्ये ठरला. ८ वाहिन्या, १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबता. गुणाकार करा: जवळपास ३७ मेगाबिट. ट्रूएचडी, डीटीएस-एचडी सगळं मावतं. त्यासाठी केबलमधली इथरनेटसाठी राखलेली तारांची जोडी वापरतात, म्हणून जुनी 'हाय स्पीड विथ इथरनेट' केबलही ई-आर्कला चालते. ओठ आणि आवाज जुळवणंही त्यात सक्तीचं आहे. ऑप्टिकलमध्ये टीव्हीला कळतच नाही की रिसीव्हर आवाज किती उशिरा काढतोय.

तुमच्यासाठी: ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरमध्ये. त्याचा आवाज टीव्हीच्या पोटातून फिरवून आणायचं काही कारण नाही. कन्सोल आणि टीव्हीतली अ‍ॅप ई-आर्कने. ऑप्टिकल कशालाच नाही.

रात्रपाळी

यात एक भर. कन्सोल खेळताना बहुधा न दाबलेला ५.१ किंवा ७.१ आवाज पाठवतो. तो साध्या आर्कवर आला तर दोनच वाहिन्या उरतात. म्हणून खेळणाऱ्यांना ई-आर्कची खरी गरज. आणि काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, ई-आर्क असला तरी. डिस्क टीव्हीमार्गे वाजवायची असेल तर हे आधी तपासा.

जुनी_फीत

माझ्या टीव्हीला आर्कच नाही, म्हणून ऑप्टिकल म्हणालो. ज्याच्याकडे आहे त्याने वापरावा की, मी कुठे अडवलंय. अ‍ॅनालॉगचा विषय निघाला की हाक मारा. तिथे केबल बोलते.

सांजवात

तारांबळ, आवाजाचं बोलणं होत राहील. प्लास्टर तुमचं आहे, म्हणून आधी पाइपचं बोलू.

११ मीटरवर साधी तांब्याची एचडीएमआय विसरा. ४८ गिगाबिटला ती ३ ते ५ मीटरपर्यंतच भरवशाची. १८ ला ७-८ मीटरपर्यंत चांगली केबल ओढून नेते, त्यापुढे नशीब. तुम्हाला अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय लागेल. हिचा त्या आवाजाच्या ऑप्टिकलशी संबंध नाही. ही दिसायला एचडीएमआयच असते, पण आत चित्राचा सिग्नल काचेच्या तंतूंतून प्रकाशाने जातो आणि दोन्ही टोकांना विजेचा प्रकाश व प्रकाशाची वीज करणारी चिप असते.

त्यामुळे तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. 'सोर्स' रिसीव्हरकडे. पाइपमधून ओढायच्या आधी दोन्ही टोकं वाचा आणि जमिनीवर पसरूनच एकदा चित्र लावून बघा.

दुसरं, त्या चिपा कधीतरी मरतात. म्हणून केबल पाइपातच हवी, थेट प्लास्टरखाली कधीच नाही. आमच्या नात्यातल्या एका घरी कंत्राटदाराने 'पाइपची काय गरज' म्हणून केबल सरळ झिरीत पुरली. ती गेली तेव्हा भिंत फोडायला कुणी तयार नव्हतं. आता स्कर्टिंगवरून पांढरी पट्टी फिरवलीय आणि पाहुणे विचारतात हे काय.

पाइप २५ मिलिमीटरचा घेऊ नका. एचडीएमआयचं डोकं प्लास्टिकसकट २० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतं, सरळ जाईल पण वळणावर अडकेल. ४० चा टाका. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, आणि केबल ओढताना तिच्याबरोबर दुसरी दोरी जाऊ द्या म्हणजे पुढच्या वेळी परत दोरी असेल. ओढताना जोर केबलच्या अंगावर यावा, डोक्यावर नाही. काचेचा तंतू फार वाकवला की तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

आणि त्याच पाइपात एक कॅट ६ए (नेटवर्कची केबल) टाका. आज नको असेल. उद्या एचडीबेसटी (नेटवर्क केबलवरून एचडीएमआय नेणारी पद्धत) वापरायचं ठरलं तर त्या एका तारेवर १०० मीटरपर्यंत चित्र जातं.

एक विचारायचं राहिलं. रिसीव्हरला एचडीएमआयचे आउट दोन आहेत का?

तारांबळ

हो, दोन आहेत. एकावर 'आर्क' लिहिलंय, दुसऱ्यावर नाही.

सांजवात

छान. आर्कवाला टीव्हीला, दुसरा प्रोजेक्टरला. दोन्ही एकदम चालू ठेवू नका. दोन पडदे जोडलेले दिसले की प्लेअर दोघांनाही झेपेल असं, म्हणजे कमी क्षमतेच्या पडद्याला जमेल तेवढंच पाठवतो. रिमोटवरून एका वेळी एकच आउट निवडा. प्रोजेक्टरला आवाज परत पाठवायचा नसतो, त्यामुळे त्या ऑप्टिकल केबलला ई-आर्क चालतो की नाही याची चिंता नको. टीव्हीसाठी कुणी अशी केबल घेत असेल तर मात्र पाकिटावर वाचून घ्यावं, सगळ्यांना जमत नाही.

शून्यडेसिबल

आता स्पीकरची तार. लोक एचडीएमआयवर हात सैल सोडतात आणि इथे काटकसर करतात, आणि गंमत म्हणजे फरक पडतो तो इथेच.

स्पीकरला जाणारी तार हा एक रोधच आहे. तो स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा साधा नियम. तांब्याचा रोध १ चौरस मिलिमीटर जाडीला मीटरमागे ०.०१७२ ओहम. तुमचं अंतर १४ मीटर, जाऊन-येऊन २८. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ०.३२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला ४ टक्के, चाललं. पण स्पीकर ४ ओहमचे निघाले तर ८ टक्के, नाही चाललं. अडीच चौरस मिलिमीटर घ्या: ०.१९ ओहम. दोन्ही बाबतीत ५ च्या आत. पुढचे स्पीकर जवळ आहेत, त्यांना दीड भरपूर.

गेजमध्ये सांगणारे भेटतील. १६ गेज म्हणजे १.३ चौरस मिलिमीटर, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३. आकडा वाढला की तार बारीक होते, एवढं लक्षात ठेवा.

पाकिटावर 'सीसीए' लिहिलं असेल तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार. रोध दीडपटीच्या पुढे. तीच जाडी बघून घेतलीत तर फसाल. तार कापून टोक खरवडा, आत चंदेरी दिसलं तर समजा. 'ऑक्सिजनमुक्त' तांब्यासाठी मात्र जास्त देऊ नका, साधं शुद्ध तांबं कानाला तेवढंच.

जोडताना अधिक-उणे पाळा. एका स्पीकरचं उलटं झालं तर खालचे सूर गायब होतात आणि मध्यभागचा आवाज कुठून येतोय ते कळेनासं होतं. भिंतीतून गेलेल्या तारेचं टोक कुठलं ते ओळखायला दीड व्होल्टचा सेल तारेच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो. पडद्याकडे बघायला दुसरं माणूस लागेल. हे करताना तार रिसीव्हरपासून सोडवलेली हवी, हे सांगायलाच हवं का? सांगतो.

विजेच्या पाइपात स्पीकरची तार घालू नका, सुरक्षेसाठीही आणि गुणगुणीसाठीही. समांतर जात असतील तर अंतर ठेवा. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

तारांबळ

गुणगुण म्हणालात म्हणून. जुन्या खोलीत सबवूफर सतत 'हूंऽऽ' करायचा, सिनेमा चालू नसतानाही. केबल बदलली, तरी तेच. नव्या खोलीतही तेच होईल?

शून्यडेसिबल

केबल बदलून गेलं नाही म्हणजे बहुधा ग्राउंड लूप. रिसीव्हर आणि सब वेगवेगळ्या बोर्डांवर असतील, तर दोघांच्या अर्थिंगमध्ये सूक्ष्म फरक पडतो आणि तो प्रवाह सबच्या केबलच्या आवरणातून फिरतो. वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० नाहीतर १०० ची गुणगुण. सब ती आनंदाने वाजवतो, त्याचं कामच ते.

तपासायचं असं: सबची सिग्नल केबल काढा. गुणगुण थांबली तर सब निर्दोष. परत लावा आणि डिश किंवा केबल टीव्हीची तार सेट-टॉप बॉक्समधून काढा. आता थांबली तर चोर तोच, त्या तारेला आयसोलेटर लावा. तरीही राहिली तर सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या. नवीन खोलीत सबच्या जागेपर्यंत त्याच सर्किटचा प्लग पॉइंट आत्ताच काढून घ्या, सगळ्यात सोपा इलाज तो. प्लगची अर्थची पिन तोडायचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका, त्या पिनेवर जीव असतो.

सबला केबल साधी: एक आरसीए (मध्ये एक पिन असलेलं गोल टोक), ७५ ओहमची कोअ‍ॅक्सिअल (मध्ये तार, भोवती जाळीचं आवरण), आवरण चांगलं. टीव्हीच्या अँटेनाला वापरतात त्या जातीच्या तारेला आरसीएची टोकं बसवली तरी उत्तम. ती दोन कोपऱ्यांत टाका. सब कुठे चांगला वाजतो ते खोली भरल्याशिवाय कळत नाही.

सांजवात

सबची दुसरी तार +१. पाइपसुद्धा एखादा जास्तच टाका. रिकाम्या पाइपाने कुणाचं काही बिघडत नाही.

तारांबळ

नोंद केली. फीतराव, हाक मारतोय. व्हीसीआर.

जुनी_फीत

आलो!

पिवळी-लाल-पांढरी असेल. पिवळीतून चित्र, लाल-पांढरीतून उजवा-डावा आवाज. पिवळ्या एकाच तारेत उजेड आणि रंग दोन्ही मिसळून जातात, टीव्ही ते परत वेगळे करतो आणि तिथेच घोळ होतो. बारीक पट्ट्यांच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचतं ना, ते त्यामुळे. चार पिनांची गोल एस-व्हिडिओ उजेड आणि रंग वेगळे नेते. एस-व्हीएचएस यंत्राला ती असते, साध्या व्हीसीआरला क्वचितच. तुमच्याकडे पाठीमागे ते गोल भोक असेल तर पिवळीला हात लावू नका.

कंपोनंट ही तिसरी: हिरवी, निळी, लाल अशा तीन तारा, उजेड एकीत आणि रंगांचे फरक दोघीत. तिच्यातून एचडीसुद्धा जातं. पण ब्लू-रेसाठी ती वाट नियमांनीच बंद केली. २०१० संपल्यानंतर बनलेल्या प्लेअरना अ‍ॅनालॉगमधून ब्लू-रेचं चित्र फक्त जुन्या एसडी दर्जात द्यायची मुभा राहिली, आणि २०१३ नंतरच्यांना तीही नाही. चोरीला आळा म्हणून. चांगली चालणारी वाट मोडली, दुसरं काय. जुन्या डीव्हीडी प्लेअरला मात्र कंपोनंट अजून मस्त.

इथे केबल बोलते म्हणालो ते यासाठी. अ‍ॅनालॉगमध्ये आत शिरलेली गडबड चित्रातच दिसते. आवरण सुमार असेल तर आडव्या पट्ट्या वर सरकतात, ७५ ओहमची नसेल आणि लांब असेल तर कडेला सावली उमटते. पिवळीच्या जागी लाल-पांढरीतली तार लावली तर दोन हात अंतरावर चालून जाईल, खोलीभर नेली तर चित्र मऊ पडेल. शून्यडेसिबल, यावर तरी भांडू नका.

शून्यडेसिबल

नाही भांडत. यावर सहमत, शंभर टक्के.

जुनी_फीत

तर मग व्हीसीआरसाठी: रिसीव्हरला पिवळं इनपुट आहे का बघा. असलं तरी तो ते एचडीएमआयवर चढवून देतो का हे वेगळं बघा, नाहीतर टीव्हीपर्यंत वेगळी पिवळी तार न्यावी लागेल. बऱ्याच नव्या टीव्हींना ती भोकंच नसतात. मग छोटा परिवर्तक डबा लागतो, तो पाल ५७६आय (आपल्याकडची जुनी टीव्हीची पद्धत) घेतो हे वाचून घ्या. भिंतीतून मात्र काही नेऊ नका, व्हीसीआर रॅकमध्येच ठेवा. आणि खरं सांगू? फिती एकदा संगणकावर उतरवून घ्या. यंत्राचे सुटे भाग आता मिळत नाहीत, आणि फीत कपाटात पडूनही खराब होते.

तारांबळ

पाइप टाकून झाले, उद्या प्लास्टर. ४० चे तीन, दोरीसकट. सबच्या दोन जागा, सगळे प्लग एकाच सर्किटवर. मागच्या स्पीकरना अडीचची तांब्याची तार, टोकांना चिठ्ठ्या लावल्यात.

आत्ता सगळं जमिनीवरच जोडून बघितलं तर ब्लू-रे प्लेअर १०८०पी च्या (४के च्या खालच्या, साध्या एचडीच्या) वर जाईना. केबल लेबल तपासून घेतलीय, प्रीमियम हाय स्पीडच आहे.

अनुनाद

केबलवर एवढ्यात संशय नको. दोन कारणं जास्त संभवतात.

एक, टीव्हीच्या त्या पोर्टचं सेटिंग. बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्ट सुरुवातीला जुन्या, कमी क्षमतेच्या पद्धतीवर असतं. 'एन्हान्स्ड', 'डीप कलर' किंवा अशाच नावाचा पर्याय पोर्टनिहाय चालू करावा लागतो. रिसीव्हरमध्येही तसाच एक असतो, तोही बघा.

दोन, एचडीसीपी, म्हणजे चोरून नक्कल होऊ नये म्हणून सिग्नलला लावलेलं कुलूप. ४के डिस्कला वाटेतल्या प्रत्येक डब्यात एचडीसीपी २.२ किंवा त्यापुढचं हवं. मध्ये कुठे जुना स्प्लिटर किंवा स्विच लावलाय का? एक जरी जुना असेल तरी प्लेअर १०८०पी वर उतरतो, नाहीतर काळा पडदा दाखवतो.

तारांबळ

रिसीव्हरमधला पर्याय बंद होता! चालू केला, ४के एचडीआर आलं. स्प्लिटर नव्हताच.

आता एकच उरलंय. कन्सोल टीव्हीत, ई-आर्कने आवाज खाली येतोय, पण रिसीव्हरवर 'स्टिरिओ' दिसतं. मागचे स्पीकर गप्प.

रात्रपाळी

टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (न दाबलेला आवाज) वर असेल, ते 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा. तिथेच ई-आर्कचा वेगळा पर्याय असतो, तोही 'ऑटो'. मग कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीकरची संख्या ५.१ सांगा, तो स्वतःहून विचारत नाही. आणि रिसीव्हरचं सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना चालू-बंद करायची सोय) बंद करून ठेवलं असेल तर चालू करा. ई-आर्कला ते लागत नाही म्हणतात, पण अनेक रिसीव्हर ते बंद असलं की ई-आर्कही बंद करतात.

तारांबळ

सीईसी बंदच होतं. टीव्ही आपोआप चालू होतो म्हणून घरच्यांनी बंद करायला लावलं होतं. आता ५.१ येतंय, मागून पावलं वाजतायत.

रात्रपाळी

आपोआप चालू होणं नको असेल तर सीईसी सगळीकडे बंद करू नका. फक्त कन्सोलच्या मेनूतलं 'टीव्ही चालू कर' एवढंच काढा. टीव्ही आणि रिसीव्हरचं राहू द्या.